क्रमवारीचे गणित आणि वेळापत्रकाचे राजकारण

१४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून नमवले आणि कसोटी क्रिकेटचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९९८ नंतर त्या देशाच्या वाट्याला आलेला हा पहिलाच जागतिक मान. कर्णधार टेम्बा बव्हुमाच्या हाती मानाची गदा आली. मात्र त्या सामन्यानंतर अद्ययावत झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, म्हणजेच आयसीसीच्या, संघक्रमवारीत पहिले स्थान ऑस्ट्रेलियाकडेच राहिले. जगज्जेते दुसरे ठरले. एकच संस्था, तिच्या दोन याद्या आणि ‘सर्वोत्तम संघ कोणता’ या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे.

यात गणिती चूक काहीही नाही. दोन्ही याद्या आपापल्या नियमांनुसार बिनचूक आहेत. एक यादी तीन-चार वर्षांच्या कामगिरीची सरासरी सांगते, दुसरी दोन वर्षांच्या एका चक्राचा हिशेब मांडून शेवटी एका सामन्यावर निकाल सोपवते. क्रिकेटप्रेमींच्या वादांना खाद्य पुरवणे एवढाच या याद्यांचा उपयोग असता, तर त्यांतील विसंगतीची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण संघांची दोन स्तरांत विभागणी करून वरच्यांनी वरच्यांशी आणि खालच्यांनी खालच्यांशी खेळावे, हा प्रस्ताव गेल्या दशकभरात पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. जुलै २०२५ मध्ये सिंगापूरच्या वार्षिक परिषदेत आयसीसीने कसोटी स्पर्धेच्या रचनेचा विचार करण्यासाठी कार्यगटही नेमला. क्रमवारी वर्णन करते तोवर ती निरुपद्रवी असते. तिच्या आधारे कोणाला कोणाशी खेळायला मिळावे, आणि ओघाने कोणाला पैसा मिळावा, हे ठरू लागले की ती धोरणाचे हत्यार होते. मग ती नेमके काय मोजते, हे विचारणे भाग पडते.

आयसीसीची अधिकृत कसोटी तालिका २००१ मध्ये सुरू झाली. तिचा आराखडा ‘विस्डेन’चे तत्कालीन संपादक मॅथ्यू एंगल यांनी काही वर्षे आधी मांडलेल्या कल्पनेवर बेतलेला होता. कल्पना साधी होती : प्रत्येक जोडीतील संघांनी एकमेकांविरुद्ध मायदेशात आणि परदेशात खेळलेली सर्वांत अलीकडची मालिका घ्यायची, मालिका जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरीला एक. कोणत्याही शाळकरी मुलाला कागदावर मांडता येईल असे हे गणित. मात्र पाच सामन्यांची मालिका आणि एका सामन्याची मालिका यांना सारखेच वजन होते. शिवाय प्रतिस्पर्धी बलाढ्य आहे की दुबळा, याचा विचारच नव्हता. जानेवारी २००३ मध्ये पाकिस्तानला हरवून दक्षिण आफ्रिका या तालिकेत अव्वल ठरली, तेव्हा पद्धतीचे पितळ उघडे पडले. कारण आदल्याच हंगामात ऑस्ट्रेलियाने याच संघाला सहापैकी पाच कसोटींत धूळ चारली होती. त्या काळातील ऑस्ट्रेलियापेक्षा दुसरा कोणता संघ श्रेष्ठ आहे असे म्हणणारा माणूस जोहान्सबर्गमध्येही सापडणे कठीण होते.

मग आयसीसीने डेव्हिड केंडिक्स या इंग्रज विमागणितज्ञाकडे धाव घेतली. त्यांनी रचलेली पद्धत २००३ पासून, किरकोळ बदलांसह, आजही चालू आहे. तिचा गाभा बुद्धिबळातील इलो गुणांकनाच्या जवळचा आहे : तुम्ही जिंकलात की हरलात एवढेच नव्हे, तर कोणाविरुद्ध, हे महत्त्वाचे. प्रत्येक विजयाला एक गुण, अनिर्णित सामन्याला अर्धा, मालिका जिंकल्यास आणखी एक. हे गुण मग प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनाशी जोडले जातात. समजा, ११० गुणांकनाच्या संघाने १०० गुणांकनाच्या संघाला दोन कसोटींच्या मालिकेत २-० असे हरवले. विजेत्याचे मालिकागुण तीन. त्यांतील प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्याचे गुणांकन अधिक पन्नास, म्हणजे दीडशे, असे एकूण साडेचारशे गुण मिळतात. पराभूताच्या खात्यात प्रतिस्पर्ध्याचे गुणांकन उणे पन्नास, म्हणजे साठ, असे तीनदा. दोन सामने आणि मालिकेचा एक मिळून भाजक तीन. थोडक्यात, त्या मालिकेपुरता एकाचा दर्जा १५० आणि दुसऱ्याचा ६० धरला जातो आणि तो जुन्या सरासरीत मिसळतो. दोन संघांत चाळीसहून अधिक गुणांचे अंतर असेल, तर सूत्र बदलते, म्हणजे दुबळ्यांना झोडपून कोणाचा फुगा होत नाही. दर मे महिन्यात सर्वांत जुने वर्ष गळून पडते आणि उरलेल्यांपैकी जुन्या भागाचे वजन निम्मे होते.

हे सूत्र बुद्धिमान आहे, यात वाद नाही. पण वरच्या उदाहरणात एक गोष्ट कुठेच आली नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. ही मालिका कुठे खेळली गेली? नागपुरात की पर्थमध्ये? सूत्राला त्याच्याशी देणेघेणे नाही. मायदेशातील २-० आणि परदेशातील २-० यांचे मोल तंतोतंत सारखे. कसोटी क्रिकेटमध्ये मैदान हा तिसरा खेळाडू असतो. खेळपट्टी, चेंडूचा प्रकार, हवामान, सरावाची संधी हे सारे यजमानाच्या बाजूने असते. बुद्धिबळात पांढऱ्या सोंगट्यांचा फायदा असतो, पण तो आळीपाळीने मिळतो. कसोटीत तशी हमी नाही. गंमत अशी की, टाकून दिलेल्या जुन्या तालिकेत हा एक गुण होता. तिथे प्रत्येक जोडीची एक मालिका इथली आणि एक तिथली अशी समान मोजणी होती. नव्या पद्धतीने प्रतिस्पर्ध्याचे बळ हिशेबात घेतले आणि मैदान हिशेबातून काढून टाकले. एक दोष घालवताना दुसरा आत घेतला गेला आणि गणिताच्या डौलामुळे तो फारसा कोणाला खटकलाही नाही.

डिसेंबर २००९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर श्रीलंकेला डावाने हरवून भारत प्रथमच अव्वल झाला. वीरेंद्र सेहवागच्या २९३ धावांच्या त्या सामन्यानंतर देशभर झालेला आनंद रास्तच होता. पण २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ०-४ आणि त्याच हंगामात ऑस्ट्रेलियात ०-४ अशी वाताहत झाली, तेव्हा त्या पहिल्या क्रमांकाचा पाया किती मायदेशातल्या मातीचा होता हे दिसून आले. पुढे भारताने २०१३ ते २०२४ या काळात मायदेशात सलग अठरा मालिका जिंकल्या. ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१ मध्ये लागोपाठ मिळवलेल्या मालिकाविजयांमुळे त्या काळातील भारताला केवळ घरचा शेर म्हणता येणार नाही, हेही खरे. पण क्रमवारीच्या सूत्राला या दोन प्रकारच्या यशांतला फरक ओळखता येत नाही.

दुसरी यादी, म्हणजे जागतिक कसोटी अजिंक्यपदाची, २०१९ मध्ये आली. तिच्यात नऊ संघ. प्रत्येकाने दोन वर्षांत सहा मालिका खेळायच्या, तीन घरी आणि तीन बाहेर. वरवर पाहता मैदानाचा प्रश्न सुटला. पण कोणाशी आणि किती सामने, हे मात्र दोन मंडळांनी आपसात ठरवायचे. इथे गणित संपते आणि राजकारण सुरू होते.

पहिल्या चक्राचा हिशेब पाहण्यासारखा आहे. साथीमुळे अनेक मालिका रद्द झाल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे स्पर्धा निम्म्याहून पुढे गेल्यावर, आयसीसीने नियम बदलून एकूण गुणांऐवजी टक्केवारी ग्राह्य धरली. तोवर अव्वल असलेला भारत एका बैठकीत दुसरा झाला. शेवटी न्यूझीलंडची टक्केवारी ७० आणि ऑस्ट्रेलियाची ६९.२ भरली. अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकलेल्या मेलबर्न कसोटीत षटकांची गती मंद राखल्याबद्दल ऑस्ट्रेलियाचे चार गुण कापले गेले होते. ते नसते तर दोघांची टक्केवारी समान होऊन धावसरासरीच्या निकषावर ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेला असता. आणि न्यूझीलंडचे सत्तर टक्के कसे जमले? मायदेशात भारत, वेस्ट इंडिज आणि पाकिस्तान यांच्यावर २-० असे तीन विजय. परदेशात श्रीलंकेत १-१ आणि ऑस्ट्रेलियात ०-३. परदेशात एकही मालिका न जिंकता हा संघ जगज्जेता झाला. साउदॅम्प्टनच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला आठ गडी राखून निर्विवाद हरवले, त्यामुळे त्यांच्या योग्यतेवर शंका घेण्याचे कारण नाही. शंका मोजपट्टीबद्दल आहे.

तिसऱ्या चक्रात हीच गोष्ट अधिक ठळक झाली. दक्षिण आफ्रिकेने दोन वर्षांत बारा कसोटी खेळल्या, सगळ्या दोन-दोन सामन्यांच्या मालिकांत. त्यांतील आठ जिंकल्या, तीन गमावल्या, एक अनिर्णित, टक्केवारी ६९.४४. या काळात त्यांची गाठ इंग्लंडशी पडली नाही आणि अंतिम सामन्यापूर्वी ऑस्ट्रेलियाशीही नाही. त्याच चक्रात इंग्लंडने बावीस कसोटी खेळल्या, भारत आणि ऑस्ट्रेलियाने प्रत्येकी एकोणीस. इंग्लंडचे तर केवळ मंद षटकगतीपायी बावीस गुण गेले. बारा सामन्यांचा नमुना आणि बावीस सामन्यांचा नमुना एका टक्केवारीच्या स्तंभात शेजारीशेजारी ठेवून त्यांची तुलना करणे, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही पटणार नाही. पण याचा दोष दक्षिण आफ्रिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कमी कसोटी खेळणे ही त्यांची चतुराई नव्हती, तर नाइलाज होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी न्यूझीलंडला दुय्यम संघ पाठवला, कारण मुख्य खेळाडू त्यांच्याच देशातील ट्वेंटी-२० लीगमध्ये गुंतले होते आणि त्या लीगच्या उत्पन्नावर मंडळाचा संसार चालतो. जगज्जेते झाल्यानंतरच्या २०२५-२६ या हंगामात तर त्यांच्या मायदेशात एकही कसोटी ठेवली गेली नाही. आणि तरीही याच संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकाता आणि गुवाहाटी इथे भारताला २-० असे हरवून पंचवीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली. गुवाहाटीतील ४०८ धावांचा पराभव हा धावांच्या फरकाने भारताचा आजवरचा सर्वांत मोठा.

कोलकात्याचा उल्लेख आलाच आहे, तर याद्यांचे नियम खेळपट्टीपर्यंत कसे झिरपतात तेही पाहावे. आयसीसीच्या क्रमवारीत अनिर्णित सामना अर्धा मोलाचा आहे. अजिंक्यपदाच्या तालिकेत विजयाचे बारा गुण आणि अनिर्णितचे फक्त चार, म्हणजे एक तृतीयांश. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला तीनशे अकरा धावांनी मागे पडून दुसऱ्या डावात शून्यावर दोन गडी गमावल्यानंतर भारताने चौथ्या दिवसाच्या दुपारपासून पाचव्याच्या अखेरीपर्यंत झुंज दिली. शुभमन गिल, रवींद्र जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी शतके ठोकली. या झुंजीला एका यादीने अर्धे श्रेय दिले, दुसरीने तिसरा हिस्सा. ज्या संघाची टक्केवारी तेहतीसहून अधिक आहे, त्याची टक्केवारी अनिर्णित सामन्याने खालीच येते. मग घरच्या मैदानावर निकाल लागलाच पाहिजे, हा हिशेब कोणत्याही मंडळाला सुचणार. हे एकमेव कारण नसले, तरी पहिल्या दिवसापासून धूळ उडणाऱ्या खेळपट्ट्यांमागे तेही आहे. अशी खेळपट्टी दोन संघांतील अंतर वाढवत नाही, उलट कमी करते, हे २०२४ मध्ये पुण्यात आणि मुंबईत न्यूझीलंडच्या फिरकीपटूंनी दाखवून दिले. वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ धावांत गारद झाला आणि अकरा बळी घेणारा एजाझ पटेल जन्माने मुंबईकरच होता. वर्षभराने ईडन गार्डन्सवर १२४ धावांचा पाठलाग ९३ वर आटोपला. तालिकेसाठी तयार केलेली खेळपट्टी तालिकेतच घात करून गेली.

ज्यांनी सार्वजनिक धोरणातील निर्देशांकांचा अभ्यास केला आहे, त्यांना या साऱ्यात अपरिचित असे काहीच वाटणार नाही. जागतिक बँकेच्या ‘व्यवसायसुलभता’ अहवालात भारत १४२ व्या स्थानावरून ६३ व्या स्थानी चढला, त्याचे कौतुक आपण सर्वांनी ऐकले. पण त्या अहवालात भारत म्हणजे मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरे होती. सुधारणांचा भर कुठे असणार, हे त्यावरून ठरले. आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. मोजमाप जेव्हा उद्दिष्ट बनते, तेव्हा मोजली जाणारी गोष्ट मोजपट्टीच्या आकाराची होऊ लागते.

कसोटीच्या दोन्ही याद्यांमागचे खरे चल वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रक पैशाने ठरते. द्विपक्षीय मालिकेचे प्रसारण-उत्पन्न यजमान मंडळ ठेवते; पाहुण्याला त्यात वाटा नसतो. त्यामुळे भारताचा दौरा ज्याच्या नशिबी येतो, त्याची काही वर्षांची बेगमी होते. भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया आपसात पाच-पाच कसोटी खेळतात. इतरांच्या वाट्याला दोन. भारत आणि पाकिस्तान डिसेंबर २००७ नंतर एकमेकांविरुद्ध कसोटी खेळलेलेच नाहीत. त्यामागची कारणे क्रिकेटबाहेरची आहेत आणि ती इथे बाजूला ठेवू. पण ज्या यादीतील दोन संघ एकमेकांसमोर कधीच येत नाहीत, ती यादी अपुऱ्या माहितीवर उभी आहे हे मान्य करावे लागेल. आयर्लंड, अफगाणिस्तान आणि झिम्बाब्वे तर अजिंक्यपदाच्या बाहेरच आहेत. आयसीसीच्या २०२४ ते २०२७ या काळातील उत्पन्नापैकी सुमारे ३८.५ टक्के एकट्या भारतीय मंडळाला मिळते; त्यानंतरच्या इंग्लंडला सातच्या आत. भारतीय प्रेक्षकामुळेच हे उत्पन्न होते, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याच्याच हाती वेळापत्रकही असेल, तर क्रमवारी हा निष्पक्ष पंच राहत नाही.

या पार्श्वभूमीवर द्विस्तरीय रचनेकडे पाहावे. तिचे समर्थक म्हणतात, विषम लढतींना प्रेक्षक नाहीत. जुलै २०२५ मध्ये जमैकात वेस्ट इंडिजचा संघ २७ धावांत बाद झाला, हे त्यांचे ताजे उदाहरण. पण त्याच वेस्ट इंडिजने जानेवारी २०२४ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर, शमार जोसेफ या नवख्या गोलंदाजाच्या सात बळींच्या जोरावर, ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवले होते. दोन स्तर असते, तर तो सामना झालाच नसता. बांगलादेशाने २०२४ मध्ये पाकिस्तानात जाऊन २-० अशी मालिका जिंकली, तीही कदाचित नाही.

आणि आपला स्वतःचा इतिहास? भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली. पहिला विजय मिळाला १९५२ मध्ये, मद्रासला, विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली, पंचविसाव्या सामन्यात. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये पाचच्या पाच कसोटी गमावल्या, १९६२ मध्ये वेस्ट इंडिजमध्येही पाचच्या पाच. आजचे द्विस्तरीय सूत्र तेव्हा लागू असते, तर भारत निःसंशय खालच्या स्तरात गेला असता. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ज्या दोन देशांत मालिका जिंकून भारतीय क्रिकेटचा कायापालट केला, ते हेच दोन देश. मजबूत संघांशी हरत हरत मिळालेल्या त्या शिक्षणाचे मोल कोणत्याही यादीत नोंदले गेले नसते. २०१६ मध्ये द्विस्तरीय प्रस्ताव आला, तेव्हा भारतीय मंडळाने श्रीलंका, बांगलादेश आणि झिम्बाब्वेच्या बरोबरीने त्याला विरोध केला होता. लहान देशांचे नुकसान होईल, हे तेव्हा दिलेले कारण होते. नऊ वर्षांत लहान देशांची स्थिती सुधारली नाही. तरी जानेवारी २०२५ मध्ये त्याच कल्पनेची चर्चा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तीत भारताचे नाव इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या जोडीने घेतले जात होते.

वृत्तांनुसार आता कार्यगटाचा कल दोन स्तरांऐवजी बारा संघांच्या एकाच स्पर्धेकडे आहे. ते बरे आहे, पण पुरेसे नाही. बारा संघांत आयर्लंडला घरची कसोटी भरवणे परवडणार नसेल, तर यादी लांबेल एवढेच. प्रस्तुत लेखकाच्या मते आधी तीन गोष्टी करायला हव्यात आणि त्यांना गणितज्ञांची गरज नाही. मालिका किमान तीन कसोटींची असावी आणि तिचा खर्च लहान मंडळांना आयसीसीच्या उत्पन्नातून द्यावा. यजमानाच्या प्रसारण-उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा पाहुण्या संघाला मिळावा. आणि परदेशातील विजयाला घरच्या विजयाहून अधिक गुण असावेत. यांपैकी तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. पहिल्या दोन भारताच्या संमतीवाचून होणार नाहीत.

घरच्या मैदानाचा प्रश्न आपल्या मंडळाला ठाऊक नाही असेही नव्हे. २०१६-१७ च्या रणजी हंगामात यजमानांच्या सोयीच्या खेळपट्ट्यांना कंटाळून मंडळाने सर्वच सामने तटस्थ मैदानांवर खेळवले. प्रेक्षक आणि खेळाडू दोघेही नाराज झाले आणि पुढच्याच हंगामात जुनी पद्धत परत आली. पण मैदान निकालावर परिणाम करते एवढी कबुली त्या एका हंगामाने दिली होती. रणजीच्या गुणपद्धतीत अनिर्णित सामन्यातही पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला अधिक गुण मिळतात. म्हणजे झुंजीचे मोल करण्याची सोय आपल्या घरातच आहे. २०२७ पासूनच्या चक्राचे नियम ठरतील तेव्हा आयसीसीच्या अध्यक्षपदावर डिसेंबर २०२४ पासून असलेले जय शहा हे याच मंडळाचे माजी सचिव आहेत, आणि रणजीच्या या नियमांची ओळख त्यांना करून देण्याची आवश्यकता नाही.